चौथ्या खुर्चीवरचा कोट

थोरल्याला कुठे नेताय?

बाबांनी कपाट उघडून माझ्या थोरल्या भावाला हँगरवरून काढलं, तेव्हा मी हे विचारलं होतं. उत्तर कुणी दिलं नाही. कोटाला कोण उत्तर देणार? हो, मी एक कोट आहे. गडद निळा, दोन बटणांचा. जो गेला तोही तसाच, माझ्याच ताग्यातला. आधी त्याला बेतलं आणि उरलेल्या कापडात मला बसवलं. म्हणून माझ्या कॉलरखाली जोड आहे.

आम्हाला शिवून घेतलं ते या घरातल्या थोरल्या मुलाने. आई-बाबांना आणि धाकट्या भावाला एकदा परदेशात न्यायचं, उंची हॉटेलांत उतरवायचं, चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, असं त्याच्या मनात होतं. सगळं बुकिंग त्यानेच केलं. त्यातल्या एका जेवणघरात पुरुषांना कोटाशिवाय बसू देत नाहीत, आणि बाबांकडे जुना कोट असला तरी या दोघांकडे नव्हता, म्हणून आमचा जन्म.

"जेवायला कोट?" धाकटा म्हणाला होता. "मग आंघोळीला टाय लावू का?"

धाकटा असाच. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. गॅरेजात गाडीखाली झोपलेला असला की खूश. शिंप्याने ट्रायलला बोलावलं, तर गेलाच नाही. थोरला एकटा आला. आधी त्याने माझ्या भावाला घालून पाहिलं, मग मला.

"हाही माझ्यावरच बघा आणि खांद्यात थोडा कमी करा," तो शिंप्याला म्हणाला. "तो काय येतोय. स्वतःच्या लग्नातसुद्धा मलाच उभा करेल."

शिंपी इतका हसला, की खांदे कमी करायचे विसरूनच गेला. तेव्हापासून माझ्या खांद्यांना एकच माणूस ठाऊक आहे.

कपाटात आम्ही शेजारी होतो. थोरला सरळ लटकायचा, सुरकुती नाही. मी सारखा घसरायचो. हँगरवरून, खुंटीवरून, खुर्चीवरून. "हा कोटसुद्धा धाकट्याच्या वळणावर गेलाय," आई मला उचलत म्हणायची. "एका जागी म्हणून ठरत नाही."

निघायचे दिवस जवळ आले आणि थोरल्याची मोटरसायकल रस्त्यावर घसरली. त्याला घरी आणलं ते शेवटचं. बाबांनी त्याला माझा भाऊ घातला. "नवा आहे," ते बटण लावता लावता म्हणत होते, "एकदाही घातला नव्हता पोराने." मग दोघंही गेले.

मला वाटलं, आता प्रवास रद्द. पण बाबा म्हणाले, "त्याने ठरवलंय ना? मग जायचं." आईने बॅग काढली आणि मला घडी घालून वर ठेवलं.

हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "आपण चौघं ना? चौथे पाहुणे कुठे आहेत?"

खरं सांगायला एक शब्द तोंडातून काढावा लागला असता. तो आमच्या घरात अजून कुणीच काढला नव्हता. बाबा गडबडले. "येतोय मागून," ते म्हणाले.

झालं. एकदा आणलेला माणूस परत कसा पाठवणार? रोज चौथा पलंग झाडला जाऊ लागला. चौथ्या उशीवर चॉकलेट, चौथ्या पलंगाशी मऊ सपाता. पुन्हा चौकशी झाली तेव्हा धाकट्याने आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत ठोकून दिलं, की तो आलाय, पण पोट बिघडलंय. तर हॉटेलवाल्यांनी चांदीच्या झाकणाखाली वाफाळतं सूप पाठवलं, सोबत फुलं.

तिघं त्या सुपाकडे बघत बसले. या घरात अन्न टाकायची रीत नाही.

"पी तू," आई धाकट्याला म्हणाली.

त्याने घोट घेतला. "छान आहे," तो म्हणाला आणि त्याची मान एकदम खाली गेली.

हीच तऱ्हा रोजची. बाबांना त्या गादीवर गाढ झोप लागली, तर सकाळी त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा. "लागली बुवा झोप," ते आईला म्हणाले. आई नाश्त्याला फळं घ्यायची, एक फोड खायची, ती गोड निघाली की काटा खाली ठेवायची. धाकटा टबात गुणगुणायला लागायचा आणि मधेच गप्प व्हायचा.

मी कुणाला काय बोलू? मलाही ते हॉटेल आवडलं होतं. कपाटाला लाकडाचा वास, हँगर रुंद, वाफेची इस्त्री तर अशी की अंग हलकं व्हावं. भाऊ आगीत गेला आणि मी इथे अंग शेकून घेतोय. माझ्या शेजारी एक हँगर रिकामा होता. मी त्याच्याकडे पाठ करून लटकायचो.

मग ते जेवण आलं, ज्यासाठी मी जन्माला आलो होतो.

काचेपलीकडे पाणी, टेबलावर पांढरीशुभ्र चादर, चार खुर्च्या, चार जणांची मांडणी. धाकट्याने मला घातलं होतं. त्याच्या खांद्यांवर मी जरा ओघळत होतो. वेटरने अदबीने विचारलं, "आज बरं आहे ना त्यांना? येतील ना?" बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही कळलं नसावं. वेटरने चार ताटं आणली. भल्यामोठ्या ताटात मधोमध सुपारीएवढं काहीतरी.

"बाकीचं मागच्या गाडीने येतंय का?" धाकटा म्हणाला.

बाबा फिस्सकन हसले. आईही हसली, अगदी पदर तोंडाला लावून. घरातून निघाल्यापासूनचं पहिलं हसू. मग तिघांची नजर एकाच वेळी चौथ्या ताटावर गेली आणि हसू तिथेच मेलं.

धाकटा ताडकन उठला. "मला नाही गिळवत. लाज वाटते मला. त्याच्या पैशाने, त्याच्या खुर्चीसमोर बसून मी दात काढतोय."

"अरे, हळू," बाबा म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत." त्याने मला ओरबाडून काढलं आणि रिकाम्या खुर्चीवर फेकलं.

मी खुर्चीच्या पाठीवर पडलो आणि माझे खांदे तिच्या दोन्ही टोकांवर बरोबर बसले.

वेटर लगबगीने आला. इथे कोट घालावा लागतो, असं तो हलक्या आवाजात सांगू लागला. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. तिने हात लांब करून माझी कॉलर सारखी केली, मग खांद्यावरून तळवा फिरवला.

"हे खांदे त्याचे आहेत," ती म्हणाली.

धाकट्याचा आवाज एकदम लहान झाला. "ट्रायलला मी गेलो नाही, आई. दादानेच घालून बघितला होता."

आईने वेटरकडे पाहिलं आणि आपल्याच भाषेत, सावकाश, म्हणाली, "माझा मोठा मुलगा वारला. तो येणार नाही." मग धाकट्याला म्हणाली, "सांग त्यांना."

त्याने सांगितलं. शब्द चुकले असतील, पण वेटरला कळलं. तो चौथं ताट उचलायला वाकला.

"राहू दे ते," आई म्हणाली. "त्याने मागवलंय. आम्ही खाऊ."

वेटर आत गेला आणि हॉटेलचा एक काळा कोट घेऊन आला. तो त्याने धाकट्याच्या खांद्यांवर ठेवला. मला त्याने हात लावला नाही.

आईने चौथ्या ताटातल्याचे सुरीने तीन भाग केले. आपला भाग तोंडात घातला, नीट चावला. "छान आहे," ती म्हणाली, आणि या वेळी तिने मान खाली घातली नाही. डोळे वाहत होते, ते तिने वाहू दिले.

आता मी पुन्हा घरच्या कपाटात आहे. खांदे कमी करून आणतो, असं धाकटा म्हणाला, तर आई नको म्हणाली. तेव्हा मी आता त्याच्याही अंगाला येणार नाही. ते वाफेचं सुख आठवलं की अजून लाज वाटते. माझं मागणं एवढंच आहे, पुन्हा कधी या कपाटातून कुणाला न्यायचं असेल तर राहणाऱ्याला सांगून न्या.

त्या जेवणात ताटं येत राहिली. वेटर घासून जात होते, उघड्या काचेतून वारा येत होता, आईचा हात मधूनमधून माझ्या बाहीवर पडत होता. ते तिघं पोटभर जेवून उठेपर्यंत मी खुर्चीवरून घसरलो नाही.