पिशवी कोणी रिकामी करायची

सिद्धोधन सर ऑपरेशन होऊन पालमला घरी आले, तेव्हा त्यांच्या पाठीतून एक नळी बाहेर आलेली होती आणि तिच्या टोकाला लघवीची पिशवी होती. मूत्रपिंडात आवळ्याएवढा खडा झाला होता. परभणीच्या डॉक्टरांनी पाठीला छिद्र पाडून, दुर्बिणीनं तो फोडून काढला.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचाही खडाच काढला होता. पण तो तिसऱ्या दिवशी शर्ट घालून ताठ चालत घरी गेला. त्याला बाहेर नळी नव्हती, पिशवी नव्हती. त्याच्या बायकोनं जाताना सरांच्या बायकोकडं, नीलमकडं बघून मान हलवली, तर नीलमला वाटलं ही मुद्दाम हलवायली.

"त्यांना कामून न्हाई नळी?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"त्यांचा खडा लहान होता," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या आत स्टेंट बसवलाय, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी. तसा स्टेंट सरांनाही आहे. पण सरांच्या लघवीत पू होता, रक्तही जास्त गेलं. म्हणून बाहेरून आणखी एक वाट ठेवलीय. लघवी स्वच्छ यायला लागली की ती काढू. दहा दिवस सांभाळा."

दहा दिवस सांभाळायला नीलम तयार होती. एकोणीस वर्षांच्या संसारात सर कधी आजारी पडले नव्हते. तिच्या हातून काही करून घ्यायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. ती गरम पाणी, साबण, कोरा टॉवेल घेऊन खोलीत गेली, तर सर म्हणाले, "राहू दे. पिंकी येईल."

पिंकी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. उपकेंद्रात नर्स होती. एका घराचे दोन भाग करून दोघे भाऊ राहत होते, मधे एक भिंत. ही पिंकी लग्न होऊन आली तेव्हा मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. आता ती सकाळ-संध्याकाळ यायची, हात धुवायची, खोलीचं दार लोटून घ्यायची. पिशवीची तोटी उघडून लघवी भांड्यात सोडायची, किती आली ते वहीत लिहायची, पाठीची पट्टी बदलायची. नीलमनं दाराशी उभं राहायचं आणि भांडं उचलून न्यायचं.

भांडं न्यायला तिला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते आतल्या बोलण्याचं. तिनं विचारलं, "दुखायलंय का?" की सर म्हणायचे, "न्हाई, बरं हाय." आणि पिंकीनं विचारलं की सगळं निघायचं. काल कूस बदलताना कळ आली, लघवी करताना शेवटी आग होते, झोपेत नळी ओढली जाईल म्हणून भीती वाटते. पाच वर्षांच्या ओळखीच्या बाईला इतकं सगळं, आणि आपल्याला दोन शब्द. नीलम गॅसजवळ उभी राहून ते ऐकायची आणि दूध उतू जायचं.

सहाव्या दिवशी ती चहा घेऊन गेली, तर आत दोघं हसत होती. दार उघडल्याबरोबर सर गप्प झाले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही न्हाई, ताई," पिंकी म्हणाली. "दादा शाळेतली गोष्ट सांगायले होते."

ती कुठली गोष्ट, ते कोणीच सांगितलं नाही. पिंकी जायला निघाली तशी नीलम तिच्यामागं ओट्यापर्यंत गेली.

"पिंकी, उद्यापासून येऊ नकोस. मी करीन. दवाखान्यात शिकवलंय मला."

शिकवलं होतं खरं. पण सिस्टर नळी दाखवत होती तेव्हा नीलमची नजर सरांच्या पाठीवरच्या छिद्रावर खिळली होती, अर्धं तिच्या कानावरूनच गेलं होतं.

पिंकीनं तिच्याकडं नीट बघितलं. "पिशवी कंबरेच्या खालीच ठेवा, ताई. नळीला मोड पडू देऊ नका."

"माहीत हाय मला."

सकाळी तिनं सरांना सांगितलं, पिंकीची लसीकरणाची ड्यूटी लागली. सरांनी छताकडं बघत पिशवी रिकामी करून घेतली. हात स्वच्छ धुऊन तिनं तोटी उघडली, बंद केली, वहीत आकडा लिहिला. एक थेंब सांडला नाही. तिला लई बरं वाटलं. पिशवी खाली लोंबकळत होती, फरशीला टेकत होती. ते काही तिला पटेना. झाडू फिरतो तिथं, धूळ असते. तिनं पिशवी उचलून सरांच्या बाजूला गादीवर ठेवली, उरलेली नळी घडी घालून सुती पट्टीनं व्यवस्थित बांधून टाकली. खाट कशी नीटनेटकी दिसायला लागली.

संध्याकाळी पिशवीत दोन बोटं लघवी होती. पाणी कमी पडलं असेल म्हणून तिनं सरांना तांब्याभर पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सर कुडकुडत होते. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. अंगाला हात लावला तर तवा. पाठीची पट्टी भिजून चिंब, चादर ओली, आणि पिशवी जवळजवळ कोरडी.

नीलमला भिंतीपलीकडं पिंकीच्या भांड्यांचा आवाज येत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण ती तशीच उभी राहिली. गाडी बोलवावी, सरळ परभणी गाठावी, हिला कळायच्या आत. असं तिच्या मनात आलं. पायताण घालायलाही ती वळली.

"पिंकी कुठंय?" सर डोळे मिटूनच म्हणाले. "पिंकीला बोलव."

ते तिला लागलं. तापाच्या भरातही पिंकीचंच नाव. पण त्यांचे ओठ काळसर पडलेले दिसले, आणि ती अनवाणीच पळाली.

पिंकी कणकेचे हात धुऊन आली. तिनं पांघरूण काढलं, पिशवी उचलली, नळी हातानं चाचपत गेली आणि पट्टीपाशी थांबली.

"ही गाठ कोणी मारली?"

"मी."

पिंकीनं कात्रीनं पट्टी कापली, नळीची घडी मोकळी केली, पिशवी खाटेच्या दांडीला खाली अडकवली. क्षणभर काही झालं नाही. मग गढूळ, घाण वासाची लघवी सरसर उतरायला लागली. पिंकीनं डॉक्टरांना फोन लावला, ताप सांगितला, लघवीचा रंग सांगितला. गाठीचं सांगताना म्हणाली, "घडी पडली होती नळीला." कोणी पाडली ते सांगितलं नाही.

जीपमधे सरांचं डोकं नीलमच्या मांडीवर होतं. गंगाखेडच्या पुढं तिनं सांगून टाकलं. "पिंकीला ड्यूटी नव्हती. मीच तिला येऊ नको म्हणलं."

"कामून?"

"तुमी तिला सगळं सांगता. मला काहीच सांगत न्हाई."

सरांनी डोळे मिटले. तिला वाटलं, ग्लानीत गेले. मग ते हळू म्हणाले, "दुखतंय म्हणलं की तुझं तोंड असं होतं, की मला वाटतं मी मरायलोय. पिंकीचं काही होत न्हाई. ती रोज बघती."

हे काही गोड बोलणं नव्हतं. आपल्या तोंडाबद्दल असं ऐकायला लागेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पिंकीचं तोंड चालतं आणि आपलं नाही, हे दुखणं वर राहिलंच. पण उत्तर मिळालं होतं, आणि ते खरं होतं.

तीन दिवस सलाईनमधून औषधं चालली. ताप उतरला, लघवी पिवळसर स्वच्छ झाली. मग नळीतून औषध सोडून एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. "आतली वाट मोकळी आहे. बाहेरची नळी काढता येईल. हवी तर आणखी आठवडा ठेवू, पण पुन्हा जंतू शिरायची भीती. काढली तर स्टेंटवर भागेल. त्याचाही त्रास असतो. घडीघडी लघवीला लागेल, आग होईल, कधी लालसर दिसेल. तो तीन आठवड्यांनी काढायचाच. लोक विसरतात, मग त्याच्यावरच खडे चढतात."

सरांनी नीलमकडं बघितलं. ती आपलं तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न करत होती. तिनं तारीख विचारली आणि ती फाईलवर ठळक लिहून घेतली. "काढा नळी," ती म्हणाली.

नळी निघाली. पाठीच्या छिद्रातून दोन दिवस थोडं पाझरलं आणि बंद झालं. आता रिकामी करायला पिशवी कोणालाच नव्हती, आपल्याला नाही तशी पिंकीलाही नाही, या विचारानं नीलमला जरा समाधान वाटलं. लाजही वाटली. घरी आल्यावर ती पिंकीकडं गेली आणि म्हणाली, "माझ्यानं चुकलं. त्या दिवशी तू नसतीस तर…"

"असू द्या, ताई," पिंकी म्हणाली. "मला आधीच येऊन बघायला पायजे होतं. रागात होते मी."

स्टेंट काढायच्या दिवशी नीलमनं पिंकीला सुटी टाकायला लावली आणि सोबत नेलं. दुर्बिणीनं पाच मिनिटांत काम झालं. सर बाहेर येऊन म्हणाले, आग होतीय, आणि हे त्यांनी दोघींच्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडं बघून सांगितलं.

परतीच्या एसटीत तिघांची सीट मिळाली. सर खिडकीशी बसले. पिंकी त्यांच्या मागोमाग सरकायला लागली, तशी नीलम म्हणाली, "थांब, पिंकी," आणि आपण मधे जाऊन बसली.