उन्हात वाळवलेला कापूस

मार्गशीर्षातली सकाळ. कृष्णाकाठच्या रानावर धुक्याचं शुभ्र, शिथिल वस्त्र, आणि त्यातून झिरपणारी कोवळी केशरी किरणं. वडाच्या पारालगत कल्हईवाल्या हमीदाचाचीचा भाता श्वास घेत होता, निखाऱ्यांची रक्तकमळं उमलत होती. मंगल कार्यालयाची पितळी पातेली अंगणभर पालथी पडली होती. आज ती चाचीची नव्हे, कमलजाची वाट पाहत होती.

कमलजा सूतगिरणीची. चात्यांच्या अखंड, अविरत गुंजारवात तिची उमर गेलेली. तुटला धागा पापणी लवायच्या आत सांधणारी. पण एकेक चाती मुकी होऊ लागली. उद्या गिरणीला कुलूप लागलं तर कपाळाला हात लावून बसायचं नाही, असं ठरवून ती सुटीच्या दिवशी चाचीकडे कल्हई शिकायला येऊ लागली.

गल्ली हसली. हसणारच! "स्टीलच्या जमान्यात कल्हई?" जाऊबाई म्हणाल्या, "आता टांगा हाकायलाही शीक." कमलजाला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती.

कल्हई म्हणजे क्षणाचा खेळ. तापलेलं पितळ, नवसागराचा धवल धूर, कथलाचं वितळतं तेज, आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवणारा निर्भय हात. चाचीचा हात फिरे आणि काळ्या तळाशी पौर्णिमा उतरे. कमलजाचा फिरला, की कथील चरचरे, तडतडे, डाग धरे. पुन्हा डाग, पुन्हा घासणं, पुन्हा डाग. "माझ्या हाताला गुणच नाही, चाची," ती रडवेली होऊन म्हणाली.

चाचीनं तिच्या हातातला बोळा घेऊन दाबून पाहिला, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अगं बये, हा कापूस कुठला?"

"गिरणीतला. झाडलोटीतला."

"धागा तुटू नये म्हणून तिथं हवेत पाणी फवारतात, तूच सांगितलंस ना? कापूस दमट आहे तुझा. हाताला कशाला बोल लावतेस?"

त्या दिवसापासून चाचीच्या पत्र्यावर कमलजाचा कापूस उन्हात पसरू लागला. आणि कथील तिच्या बोटांखाली पाण्यासारखं वाहू लागलं.

दिवाळी सरली आणि गिरणीला खरंच कुलूप लागलं. फाटकापाशी बायका रडल्या, तीही पोटभर रडली. मग डोळे पुसून ती थेट मंगल कार्यालयवाल्या धनाजीरावांकडे गेली. चाची आता थकली, म्हणून लग्नसराईची पातेली यंदा ते कल्हईला शहरात पाठवणार होते.

"मला द्या," ती म्हणाली.

"कल्हई कच्ची राहिली तर कढी कळकेल, बाई. वऱ्हाड उपाशी उठलं, तर गावात कुणी तुला वाटीसुद्धा देणार नाही."

"ठाऊक आहे. तरी द्या."

म्हणून आजची ही सकाळ. भाता फुलला, धूर उठला, बोळा फिरला. पातेल्यामागून पातेलं आगीवरून उतरलं, पाण्यात फुसफुसलं, शांत झालं. चाची बाजूला बसून नुसती बघत राहिली.

कल्हई करणाऱ्यानं त्याच भांड्यात आंबट ताक ठेवायचं आणि पहिला घोट आपणच घ्यायचा, ही चाचीच्या घरची रीत. थोरल्या पातेल्यात ताक ओतलं. धुकं विरलं, सूर्य वडाच्या शेंड्यावर आला, धनाजीराव येऊन उभे राहिले. कमलजानं पेला बुडवला. जिभेवर कळक, घशाशी कडवटपणा शोधत तिनं घोट घेतला. ताक ताकासारखंच लागलं. शुभ्र, आंबट, निर्मळ.

धनाजीरावांनी पेला तिच्या हातून घेतला आणि ते दोनदा भरून प्याले. "लग्नसराईची पुढची सगळी कार्यं राहिलीत," ते म्हणाले, "सगळी भांडी आता तुझ्याकडेच."

चाची उठली. भात्यापुढचं आपलं जुनं गोणपाट तिनं झटकलं आणि कमलजासाठी अंथरलं. "बस इथं. ही जागा तुझी."

कमलजा बसली. वर पत्र्यावर शुभ्र कापूस उन्हात फुलत होता. अंगणभर पातेली आता उताणी हसत होती. प्रत्येक पातेल्यात एक सूर्य, आणि प्रत्येक सूर्याशेजारी कमलजाचा उजळ, ओला, हसरा चेहरा.