हदगावला उत्तर

प्रातःकाळची लिंगपूजा आटोपली की मन्मथ स्वामी कपाळावरचे भस्म वाळायच्या आत माडीवरच्या खोलीत जात आणि रेडिओचा जुना रिसीव्हर सुरू करीत. प्रथम नुसती खरखर येई. मग त्या खरखरीतून, विहिरीच्या तळाशी पाणी दिसावे तसा, एक बारीक नाद वर येई. कधी आखूड, कधी लांब. तो नाद म्हणजे हदगावचे शेषेराव कदम होते.

नांदेडच्या वसतिगृहात दोघांनी एका खोलीत शिक्षणाची वर्षे काढली होती. पुढे मन्मथ स्वामी लातूरच्या एका शाळेत संस्कृतचे अध्यापक झाले, तर शेषेराव वडिलांच्या कापसाच्या शेतात रमले. रमता रमता त्यांना हौशी रेडिओचा छंद जडला. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचे असा तो छंद. "मन्या, तू बी परीक्षा दे की रे," असे ते चाळीस वर्षे म्हणत आले. मन्मथ स्वामी दर वेळी हसून विषय टाळीत.

पुढे शेषेरावांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. स्वामी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले, तेव्हा त्या गडगडाटी माणसाने काही न बोलता मित्राचा हात हाती घेतला आणि तळव्यावर बोटाने टकटक केली. शेषेरावांची सून म्हणाली, "काका, ते मोर्समधी बोलून राहिलेत. आता त्यांचं बोलणं तेवढंच." मोबाइलवर लिहायचे शेषेरावांच्या जिवावर येई. कितीही लांब संदेश धाडला तरी उत्तरात एक उभा अंगठा यायचा. मोर्समध्ये मात्र त्यांचा हात पूर्वीसारखाच मोकळा होता. तोच ठसका, तीच मध्येच घेतलेली विश्रांती.

त्या दिवसापासून स्वामींनी आखूड-लांब ठोक्यांचे ते मोर्स शिकायला घेतले. ऐकणे साधले. पण नुसत्या ऐकणाऱ्याला परवान्याशिवाय उलट बोलता येत नाही. त्यासाठी परवान्याची वरची पायरी हवी, आणि तिच्या परीक्षेत मोर्स ऐकून लिहावे लागते, तसेच स्वतःच्या हाताने पाठवूनही दाखवावे लागते. शेषेराव सोलापूरच्या, हैदराबादच्या मंडळींशी बोलत. स्वामी लातुरात बसून सारे ऐकत. दाराशी येऊन कडी वाजवायची मनाई असलेल्या पाहुण्यासारखी त्यांची गत झाली होती.

शिकवायला दामिनी होती. ती त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. आता नांदेडच्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत असे आणि स्वतः परवानाधारक होती. दर रविवारी स्वामी बसने नांदेडला जात. दामिनी त्यांना खुर्चीवर बसवी, आपण खाली चटईवर बसे. ठोके द्यायची मोर्स-की त्यांच्यापुढे ठेवण्याआधी ती तिला पदराने पुसून घेई. स्वामींनी वाक्य पाठवले की दामिनी ते अचूक वाचून दाखवी आणि म्हणे, "छान आलंय, गुरुजी."

हैदराबादच्या परीक्षाकेंद्रावर लेखी उत्तरे बरोबर आली, ऐकून लिहिणेही बरोबर आले. पाठवण्यात मात्र स्वामी नापास झाले.

पुढच्या रविवारी ते नेहमीप्रमाणे दामिनीकडे गेले, पण खुर्चीवर बसले नाहीत. सरळ चटईवर मांडी घालून बसले.

"अवो गुरुजी, उठा बघू!" दामिनी गडबडली. "आईनं बघितलं तर मला घरातून हाकलंल!"

"तू खुर्चीवर बस. आणि खरे सांग, माझा हात कुठे चुकतो?"

"तसं काही न्हाई. थोडा सराव कमी पडला असंल."

"दामिनी, आठवीत तुझा विसर्ग चुकला की मी काय करीत असे?"

दामिनी खाली मान घालून म्हणाली, "सगळ्या वर्गासमोर दहादा म्हणायला लावायचे. मी रडायचे, तरी अकराव्यांदा लावायचे."

"मग आज तुझी पाळी. बस वर."

ती अवघडून खुर्चीच्या कडेला टेकली. बराच वेळ तिने नखाने टेबलाचा पापुद्रा काढला आणि मग एकदम बोलून टाकले, "गुरुजी, तुम्ही प्रत्येक शब्दाचा शेवट गाता."

"गातो?"

"हाव. शेवटचा ठोका आखूड असला तरी तुम्ही लांबवता. एसचा यू होतो, आरचा डब्ल्यू. मला सवय झाली, मी मनातल्या मनात सुधरून घेते. परीक्षकानं कशाला सुधरून घ्यावं?"

स्वामींनी बोटांनी जमिनीवर एक शब्द वाजवून पाहिला. खरेच, शेवटच्या ठोक्याला बोट उठायला तयारच नव्हते. बालपणी पाठशाळेत श्लोक म्हणताना चरणाचे अंतिम अक्षर ऱ्हस्व असले तरी त्यावर रेंगाळायचे, नादाला अंगणात थोडे फिरू द्यायचे आणि मगच पुढच्या चरणात पाऊल टाकायचे, असे वळण लागले होते. तिथे ती शोभा होती. जन्मभर जिव्हेवर वसलेली ती शोभा नकळत बोटांत उतरली होती.

"हे तुला केव्हा कळले?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला चुकलं म्हणायला जीभ रेटली न्हाई, गुरुजी."

स्वामींनी जमिनीवरची बोटे उचलून घेतली. मग अतिशय हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तुझ्या भिडेपायी तिकडे शेषेराव एकटाच बोलतो आहे."

दामिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. तिने पदराने डोळे पुसले, खुर्चीत नीट मागे टेकून बसली आणि म्हणाली, "पाठवा. दहादा."

त्या दिवशी 'चुकलं, परत' हे शब्द त्या खोलीत इतक्यांदा उच्चारले गेले, की दामिनीची आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "अगं, कुणाला बोलून राहिलीस असं?" आणि चटईवर बसलेले गुरुजी दिसताच तोंडात पदर कोंबून परत फिरली.

पुढे रोज संध्याकाळी फोनवर शिकवणी होई. दामिनीला एकदा धार चढली ती चढलीच. लातूरच्या घरात स्वामींच्या पत्नी शिवकांताबाई वाती वळता वळता ते ऐकत.

"तिकडून ती पोर वसकती अन् इकडं तुमचं तोंड लग्नाच्या नवरदेवावानी!"

"आनंद होतो आहे. विद्यार्थी चूक काढू लागला की अध्यापकाची वर्षे वाया गेली नाहीत असे समजावे."

"ते समजा तुम्ही. पण आज पूजेत सगळ्या ओळी मधीच तुटल्यावानी म्हटल्या. महादेवाला बी नापास करणार का?"

स्वामी चपापले. तेव्हापासून त्यांनी एक नेम केला. पूजेत जिव्हेने रेंगाळावे, माडीवर बोटाने थांबावे. एकाच देहात दोन वळणे नांदवायची होती. तो नेम साधायला पुष्कळ दिवस लागले, कारण बोट सुधारले की स्तोत्र बिघडे आणि स्तोत्र सावरले की बोट पुन्हा गाऊ लागे.

दुसऱ्या खेपेला परीक्षकाने कानावरचे हेडफोन काढले आणि म्हटले, "स्वच्छ हात आहे." स्वामींनी त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा तो वयाने लहान गृहस्थ संकोचून उभाच राहिला.

मग परवान्याआधीच्या चौकशीला पोलीस आला. "गुरुजी, वायरलेस कशासाठी म्हणायचं? हेरगिरी-बिरगिरी तर न्हाई ना?"

शिवकांताबाई आतूनच म्हणाल्या, "दादा, ह्यांना घरातली चष्म्याची डबी घावत न्हाई. हेरगिरी कुठली करतेत!" पोलीस हसत सही करून गेला.

परवाना हाती आला तो दिवस सोमवार होता. दामिनीने आधीच येऊन गच्चीवर अँटेनाची तार ताणली होती, पाठवायचे यंत्र जुळवले होते. स्वामींनी रिसीव्हर लावला. शेषेराव सोलापूरकराचा निरोप घेत होते. निरोप संपला. सगळे शांत झाले. स्वामींनी हात मोर्स-कीवर ठेवला. आधी शेषेरावांचे संकेतनाम पाठवले, मग स्वतःचे नवे, आणि शेवटी एकच शब्द: मन्या.

तिकडून काही आले नाही. खरखर वाजत राहिली. दामिनी तारेकडे पाहू लागली, शिवकांताबाई दामिनीकडे.

"पुन्हा पाठवू का?" स्वामींनी विचारले.

"थांबा, गुरुजी. त्यांना सावरू द्या."

आणि मग नाद आला. पहिली काही अक्षरे थरथरत, एकमेकांवर पडत आली. त्यांतून काहीच अर्थ लागेना. तो नाद थांबला, जणू कोणी घसा खाकरावा तसा, आणि पुन्हा सुरू झाला. आता तो शेषेरावांचा जुना ठसका होता. स्वामींनी एकेक अक्षर मोठ्याने वाचले.

"च... हा... झा... ला... का."

शिवकांताबाई लगबगीने जिन्याकडे वळल्या. "सांगा त्यांना, न्हाई झाला म्हणावं. ठेवते मी."

स्वामींनी ते तसेच पाठवले. मग दोघे मित्र चहा, कापूस, गुडघे आणि नातवंडे यांविषयी बोलू लागले, शिवकांताबाई चहा ठेवून ऐकायला पुन्हा वर आल्या, आणि खाली उतू जाणाऱ्या दुधाकडे धावायचे दामिनीच्या वाट्याला आले.