घसा गेलेली बाई

माहूरला देवीच्या पायऱ्यांखाली सिंधूचं तांबुलाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, वर ताडपत्री आणि समोर लोखंडी खल. देवीला विड्याचा तांबूल लागतो. तो दिवसभर कुटायचा आणि भक्तांना पुड्या बांधून द्यायच्या, हा तिचा धंदा. लातूरहून आलेली सुकन्या फळीच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मावशी, मी वर्षाराणीबाईंच्या सुरुवातीच्या दिवसांवर फिल्म करतेय." सिंधूचा हात काही थांबला नाही. फक्त बत्ता जरा जोरात पडायला लागला.

वर्षाराणी म्हणजे देवीच्या गाण्यांची राणी, असं तिच्या पोस्टरवरच लिहिलेलं असतं. लातुरात बंगला, दारात दोन गाड्या, नवरात्रात श्वास घ्यायला सवड नाही. त्या पोस्टरवर तिचा एकच फोटो वर्षानुवर्षं चालत आलाय. मान मागे टाकलेली, हात पसरलेले, तोंड आभाळाकडे उघडलेलं. 'वाट तुझी सरंना' या गाण्यात शेवटचा 'ना' जिथे वर जातो आणि खाली यायचं नावच घेत नाही, त्या जागेचा तो फोटो. ती जागा ऐकून माणसं रडतात, अंगात येतं, नोटा उडवतात.

आणि त्या जागेला वर्षाराणीचं तोंड उघडं असतं, पण आवाज तिचा नसतो. तो कुणाचा, हे जगात वर्षाराणी आणि सिंधू या दोघींनाच ठाऊक होतं.

देवणीच्या नागम्माच्या गाण्याच्या मेळ्यात दोघी शिकल्या. नागम्मा कानडी मुलखातून आलेली, हाताला कडक. तिनं वर्षेला पुढे उभं केलं, कारण वर्षा दिसायला देखणी. सिंधूला मागे ठेवलं, झील धरायला. पुढची बाई ओळ म्हणते, मागची तिचा शेवटचा शब्द उचलते आणि वर नेते, ती झील. "झील खाली पडली की गाणं मेलं," असं नागम्मा सांगायची आणि चुकलं की पाठीत धपाटा घालायची. वर्षेचा दम 'सरं'पर्यंतच पुरायचा. 'ना' सिंधूचा. वर्षा नुसती मान वर करायची. समोरच्याला वाटायचं, केवढी छाती या पोरीची.

मग नागम्मा वारली, लातुरात कॅसेट निघाली आणि गाणं गावोगाव वाजायला लागलं. कॅसेटमध्ये 'ना' सिंधूचा, वर फोटो एकट्या वर्षेचा. त्याचंही सिंधूला तेव्हा काही वाटलं नव्हतं, मागचीला कोण विचारतं. पण इस्लापूरच्या जत्रेत लोक विचारायला लागले की मागची पोरगी कोण. ते वर्षेच्या कानावर गेलं. नेमका त्याच जत्रेत सिंधूला ताप भरला आणि घसा बसला. थोड्या दिवसांनी ती बरी होऊन बघते तर काय, मेळा निघून गेलेला आणि किनवटपासून उदगीरपर्यंत एकच बातमी: बिचाऱ्या सिंधूचा घसा गेला, कायमचा.

घसा गेलेल्या बाईला कार्यक्रमाची सुपारी कोण देतो? सिंधू चार मेळ्यांच्या दारात जाऊन गायली. गळा चांगला खणखणीत होता. तिथल्या बायका ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, "आवाज काढतीस बरा, पण वर्षाराणीची नक्कल कशापायी करून राहिलीस?" त्या दिवसापासून सिंधूनं चारचौघांत तोंड उघडलं नाही. आपलाच आवाज आपली नक्कल ठरला, मग उघडायचं तरी कशाला?

सुकन्यानं मोबाइल पुढे धरला. त्यात वर्षाराणी सोफ्यावर बसून डोळे पुसत होती. "सिंधू माझ्या मागं उभी राहायची. गुणाची पोर. पण घसा गेला बिचारीचा. मग माझ्या एकटीवर सगळा भार आला."

सिंधूनं ते दोनदा लावायला सांगितलं. सुकन्याला वाटलं, म्हातारी हळवी झाली. म्हातारी कसली हळवी होतेय. तिच्या पोटात इतक्या वर्षांचा जाळ होता आणि त्यावर आता कुणी तेल आणून ओतलं होतं. लोक लबाडी करतात आणि विसरून जातात, हे तिला माहीत होतं. पण ही बाई लबाडी करून वर तिच्या नावानं रडत होती.

"इस्लापूरला जुन्या पारावर तेच गाणं शूट करायचंय," सुकन्या म्हणाली. "पहिल्यासारखंच. यंत्र नाही, कीबोर्ड नाही. तुम्ही गायला नको, घशाचं मला माहितीय. फक्त मागे उभं राहायचं. याल ना?"

"हाव, येते की," सिंधू म्हणाली आणि पदरानं खल पुसायला लागली.

शूटिंगच्या दिवशी अर्धं इस्लापूर पारापाशी जमलं होतं. नांदेडचा यासेर कॅमेरा लावत होता. त्यानं दोघींच्या पदराला छोटे माइक अडकवले. वर्षाराणी गाडीतून उतरली तीच अत्तराचा घमघमाट घेऊन. तिनं सिंधूच्या हातात एक साडी ठेवली.

"नेस गं. एकदाच माझ्या अंगावर आलीय. नवीच समज."

सिंधूनं साडी घेतली आणि पाराच्या कट्ट्यावर ठेवली. घरून नेसून आलेलं हिरवं लुगडं तिनं नुसतं सारखं केलं.

मग वर्षाराणी तिला शाळेच्या खोलीत घेऊन गेली. दार लोटून आधी तिनं दोघींचे माइक बंद केले, यंत्रांत मुरलेली बाई ती. "सिंधे, ह्या पोरीनं यंत्र न्हाई लावू दिलं. स्टेजवर त्या जागेला आमचा कीबोर्डवाला कॅसेटमधलाच आवाज सोडतो. हिथं कसं करावं?"

म्हणजे इतकी वर्षं दर कार्यक्रमात सिंधूच गात होती. माहूरच्या पायऱ्यांखाली विडा कुटत बसलेली सिंधू लातूरच्या स्टेजवर रोज गात होती आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं. तोंडानं ती एवढंच म्हणाली, "मंग?"

"मंग काय. तू मागं हाईस. पैल्यासारखा 'ना' उचल. मी मान वर करते. कुनाला कळनार हाय?"

"बरं," सिंधू म्हणाली. बरं म्हणणं तिला चांगलं जमायचं, आयुष्यभर तेच केलं होतं.

बाहेर आल्यावर यासेरनं माइक पुन्हा चालू केले. वर्षाराणीनं गाणं धरलं. म्हटलं पाहिजे, मधल्या पट्टीत बाई अजून गोड होती. "चढ चढून पाय भागले, आई, वाट तुझी सरं..." आणि तिनं मान मागे टाकली, हात पसरले, तोंड आभाळाकडे उघडलं.

पारावर चिमण्यांचा आवाज तेवढा आला.

वर्षाराणी तशीच उभी. पोस्टरसारखी. उघड्या तोंडात सोन्याची दाढ चमकत होती. मागे सिंधू हात जोडून, ओठ मिटून उभी होती.

"ताई, शेवटचा सूर आला नाही," सुकन्या म्हणाली.

"धूळ गेली घशात." वर्षाराणीनं पाणी मागितलं आणि पाणी पिताना सिंधूकडे असं बघितलं की दुसरी असती तर थरथरली असती. सिंधूला मात्र त्या नजरेनं फार बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसं.

पुन्हा सुरू झालं. पुन्हा तीच ओळ, तीच मान, तेच उघडं तोंड, तीच शांतता. गर्दीतली एक पोरगी फिसकन हसली. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तो लांब जानारा सूर कुठं गेला?"

वर्षाराणीच्या कपाळावरची शीर फुगली. पदराला माइक आहे, कॅमेरा चालू आहे, समोर गाव बसलंय, कशाचंच तिला भान राहिलं नाही. ती गर्रकन मागे वळली आणि नागम्माच्या मेळ्यातली वर्षा होऊन खेकसली, "उचल की गं सिंधे. काय धाड भरलीय तुझ्या घशाला?"

याच वाक्यासाठी सिंधू माहूरहून आली होती.

"माझ्या घशाला?" तिनं सावकाश विचारलं. "माझा घसा तर गेलाय बाई. तुमीच सांगितलाव की साऱ्या मुलखाला. आनिक परवा ह्या लेकराच्या मोबाइलात रडून सांगितलाव. गेलेल्या घशानं मी कशी उचलू?"

सुकन्या एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, म्हणजे तो सूर तुमचा नाहीये?"

वर्षाराणीनं कॅमेऱ्याकडे हात केला. "बंद कर ते." यासेरनं सुकन्याकडे बघितलं. सुकन्यानं मान हलवली, नाही.

तेव्हा सिंधू पुढे आली. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या बाईच्याही पुढे. तिनं मान वर केली नाही, हात पसरले नाहीत. समोरच्या म्हाताऱ्याकडे बघत तिनं 'ना' उचलला. तो पारावरून निघाला, मारुतीच्या कळसावरून गेला आणि वरच राहिला. आवाज जरा जाडावला होता, कडेला चिरकला होता, पण तोच होता. त्या गावानं तो लग्नात, जत्रेत, रिक्षांत इतक्यांदा ऐकला होता की पहिल्या क्षणाला ओळखला. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "हीच ती मागची पोरगी," तो शेजारच्याला म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

सूर संपवून सिंधूनं वळून बघितलं. तिला वर्षाराणीचा चेहरा बघायचा होता, डोळे भरून बघायचा होता, आणि तिनं तो बघितला. रंग उतरलेला, हनुवटी थरथरत असलेली. सिंधूला जराही दया आली नाही. दयेचा सगळा साठा ती केव्हाच संपवून बसली होती.

पण वर्षाराणीही काही कच्ची नव्हती. कॅमेरा चालू आहे हे ध्यानात येताच तिनं डोळ्यांत पाणी आणलं, दोन्ही हात पसरले आणि "सिंधे, माझे बाय" म्हणत तिला मिठी मारायला धावली.

सिंधूनं एक पाऊल मागे घेतलं आणि तळहात मधे धरला.

"गळ्यात पडू नगा बाई," ती म्हणाली. "आत्ता कुठं तो मला परत मिळालाय."

मग कट्ट्यावरची साडी उचलून तिनं वर्षाराणीच्या पसरलेल्या हातांवर ठेवली आणि माहूरची गाडी किती वाजता आहे ते यासेरला विचारलं.