तीन कुलपांचा नळ

"अगं, नळ बंद कर! पाणी छातीला लागलं!"

प्रार्थनाघराच्या हौदातून पावशेर ओरडत होता. पावशेर म्हणजे नळवाला. उंची चार फूट आठ इंच, हौद पाच फूट खोल. तळाचं भोक साफ करताना त्याचा पाय आत गेला तो गेलाच. तो चहाला गेला असं समजून तिघा कारभाऱ्यांनी नळ सोडला, नळावरच्या पेटीला कुलपं घातली आणि गेले घरी. नळ सोडताना त्यांच्यातल्या शिंपीमामांची प्रार्थना खड्या आवाजात चालू होती, त्यात पावशेरची हाक ऐकणार कोण?

त्याची बायको तिथली झाडलोट करायची. ती धावली, पण लोखंडी पेटीला तीन कुलपं.

एका छपराखाली तीन ख्रिस्ती मंडळ्या, प्रत्येकीचा एक कारभारी. पाववाल्याची मंडळी बाप्तिस्मा देताना अख्खा माणूस बुडवायची. मुख्याध्यापिका बाईंची मंडळी कपाळावर चार थेंब शिंपडायची. पाण्याची नासाडी नको म्हणून पहिलं कुलूप बाईंचं. मग पाववाल्याने ठोकलं. तिसऱ्या मंडळीच्या शिंपीमामांना पाण्याचं सोयरसुतक नव्हतं, पण दोघांचं आहे तर आपलं का नको?

बायकोने तिघांना घरून ओढून आणलं.

"किल्ल्या लावा पटकन!"

"नियमाप्रमाणे आधी प्रार्थना," बाई म्हणाल्या. "आज पाळी कुणाची?"

"बाई, पाणी गळ्याला आलंय!" पावशेर किंचाळला. "पाळी माझी आहे, वर जायची!"

बाईंनी मुकाट्याने कुलूप काढलं. मामांनीही. पाववाल्याच्या किल्लीला मात्र कणीक चिकटून वाळलेली. त्याने जोर लावला आणि किल्ली आत मोडली.

नळ धो धो चालू.

"कुलूपवाल्याला बोलवायला माणूस पाठवा," बायको म्हणाली, "आणि तोवर पाणी उपसा! बघताय काय?"

पाववाल्याने पावाचे पत्र्याचे साचे आणले, मामांनी बादली. बाईंच्या हाताला लागली ती बाप्तिस्म्याची चांदीची वाटी.

"बाई, त्याने काय होणार?" मामा म्हणाले.

"तुम्ही तुमचं उपसा!"

गल्लीतून तिन्ही मंडळ्या धावत आल्या. रांग लागली. कोण कुणाचा, बघायला सवड कुणाला? एकदा बुडवणाऱ्यांपैकी एकजण शिंपडणाऱ्याला सुनवायला क्षणभर थांबला, तर पाणी पावशेरच्या नाकात गेलं. त्याच्या बायकोने बोलणाऱ्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पुढचा पाऊण तास कुणी ब्र काढला नाही. पाववाला कपड्यांसकट हौदात उतरला आणि पावशेरची हनुवटी तळहातावर धरून उभा राहिला.

कुलूपवाला आला. करवत चालली. नळ थांबला.

सगळे जागच्या जागी बसले. मामांनी डोळे मिटले, बाईंनीही. पाववाल्याने तोंड उघडलं.

"आभार नंतर माना," पावशेर म्हणाला. "माझा पाय अजून आतच आहे."

मग तेल आलं, तिघा कारभाऱ्यांचे सहा हात पावशेरच्या काखेत गेले, आणि मामा ओरडले, "बाई, ओढा!"