चेंचा वहिनीच्या नावावरचं घर

चेंचा वहिनीच्या नावावर समुद्राकाठी एक घर होतं आणि त्या घरात ती कधी राहिली नाही. राहायची ती माझ्या शेजारी, खाडीच्या अंगाला, माझ्या भावानं बांधलेल्या दोन खोल्यांत. समुद्राकडचं घर आउनेचं. आउने मूळची फिनलंडची, मातीची भांडी करायची. तरुणपणी एका हिवाळ्यापुरती म्हणून आली, वहिनीकडे झोपायची टांगती झोळी विणायला शिकली, मग त्याच झोळीत झोपायला लागली आणि परत जायचं राहूनच गेलं.

आमच्या देशात समुद्रालगतची जमीन परदेशी माणसाला आपल्या नावावर घेता येत नाही. घ्यायची तर बँकेमार्फत. कागदावर विश्वस्त म्हणून बँकेचं नाव लागतं. राहणं, विकणं, मागच्यांना देणं हे सगळं त्या माणसाच्या हातात. तेव्हाही हे असंच होतं. पण बँक म्हटलं की आउनेचा चेहरा आंबायचा. तिच्या वडिलांची लाकूड कापायची गिरणी तिकडच्या कुठल्या बँकेनं घेतली होती. म्हणून ती वहिनीला म्हणाली, तुझं नाव दे. शेजारणीला वाटीभर मीठ द्यावं तसं वहिनीनं नाव दिलं आणि विसरून गेली.

माझा भाऊ गेला त्यानंतर वहिनीला ते घर स्वप्नात दिसायला लागलं.

दुपारी जेवण झालं की ती झोळीत आडवी व्हायची. ऊन खाडीवर पांढरं पडलेलं असायचं, बगळेसुद्धा पाय बदलत नसत. डोळा लागला की ती त्या घरात. पण आउनेच्या घराला तीन खोल्या, आणि वहिनीच्या झोपेतल्या घराला खोलीमागे खोली. एका खोलीत घोट्याएवढं पाणी आणि त्यात गुलाबी रोहित पक्षी, भिंतीकडे तोंड करून. एका खोलीत तिची आई तव्यासमोर बसून मक्याची भाकरी थापत असायची, थापण्याचा आवाज मात्र येत नसे. सगळ्यात आतल्या खोलीत माझा भाऊ जाळं सांधत बसलेला. तो मान वर करत नसे, पण ती आली आहे हे त्याला कळलेलं असायचं. जागी झाली की वहिनी पावलं चाचपून बघायची, ओली आहेत का.

हे ती आउनेला सांगायची. आउनेला त्याचं भारी कौतुक. संध्याकाळी फाटकाशी आली की पहिलं विचारायची, "आज कुठली खोली?" कुणाच्या मनात काही नव्हतं. घर एकीचं, स्वप्न दुसरीचं, अशी वाटणी जणू ठरूनच गेली होती.

मग विल्बर्ट आला. वहिनीचा मुलगा, कानकूनला हॉटेलात कामाला. सोमवार होता, म्हणजे घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचं मटण. जेवता जेवता त्यानं सांगितलं की एक हॉटेलवाला आपल्या किनाऱ्यावर जागा बघतोय. आउनेच्या घराची जागा त्याला आवडली आहे.

"आई, कागदावर तुझं नाव आहे. कायद्यानं आउनेबाई तिथली भाडेकरूसुद्धा नाही."

"आणि मी मेले की?"

"मग माझं," तो म्हणाला. वाईट बोलला असं नाही. उद्या ऊन पडणार, हे सांगावं तसं बोलला. वहिनीनं त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला आणि विषय तिथेच राहू दिला.

त्याच दुपारी ती पुन्हा त्या घरात होती. आतल्या खोलीकडे निघाली, तोच दार वाजलं. उघडलं तर उंबऱ्याबाहेर एक परदेशी बाई, हातात पिशवी, केसांत वाळू. वहिनीनं तिला विचारलं, कोण पाहिजे? बाई नुसती तिच्या खांद्यावरून आत बघत राहिली. वहिनीनं दार लावून घेतलं. जाग आल्यावर तिला कळलं की ती आउने होती.

वहिनी तशीच माझ्याकडे आली, केस न विंचरता. म्हणाली, "मी तिला ओळखलंच नाही गं." आणि चपला शोधायला लागली.

मीही मागोमाग गेले. आउने मातीनं भरलेले हात पुसत ऐकत होती. विल्बर्टचं तिनं ऐकून घेतलं, पण वहिनीनं घर बँकेच्या नावावर करू म्हणताच तिनं नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "कुठल्याही बँकेपेक्षा माझा तुझ्यावर विश्वास आहे, चेंचा."

"माझ्यावर ठेव की. माझ्या मरणावर ठेवू नकोस," वहिनी म्हणाली. "बँकेला मुलगा नाही. आणि ती दुपारची झोपत नाही."

आउनेला हसू आलं, मग हात धुऊन ती घराचे कागद शोधायला उठली. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी बसनं मेरिदाला गेलो.

पेनीचे आडनावाच्या नोटरीसाहेबांचं ऑफिस एका जुन्या घरात होतं. गार फरशी, वर हळू फिरणारा पंखा, आणि साहेबांचा आवाज असा मऊ की माझे डोळे मिटायला लागले. आधीचा व्यवहार नुसता विश्वासावर उभा होता, असं त्यांनी सांगितलं. वहिनी फिरली असती तर आउनेला कोर्टात उभं राहायला जागा मिळाली नसती. आउनेनं एकेक भीती बाहेर काढली. बँक बुडाली तर? हे घर बँकेच्या मालमत्तेत धरलं जात नाही, दुसरी बँक विश्वस्त होते. बँकेला परस्पर विकावंसं वाटलं तर? तुमच्या सांगण्याशिवाय तिला तिथे एक खिळा ठोकता येत नाही. आणि कराराची पन्नास वर्षं संपली की? मुदत वाढवून मिळते. आउने म्हणाली, तोवर मी कशाला असते, आणि सगळेच हसले.

परराष्ट्र खात्याची परवानगी येईपर्यंत हिवाळ्यातला उत्तरेचा वारा सुरू झाला होता. सहीच्या दिवशी साहेब सगळा दस्त मोठ्यानं वाचत होते. शब्द पंख्याबरोबर गोल फिरत होते आणि त्यातला एकही आमच्यापाशी उतरत नव्हता. एका कलमावर आउनेनं हात वर केला.

"हे परत वाचा."

साहेबांना वाटलं तिची हरकत आहे. त्यांनी चष्मा सावरून सावकाश वाचलं. या मिळकतीच्या बाबतीत ही बाई स्वतःला या देशाची नागरिक समजेल, आणि त्यासाठी आपल्या सरकारकडे दाद मागायला जाणार नाही. गेली तर घर गमावेल.

"म्हणजे या घरापुरती मी इथली?"

"या घरापुरती, कायद्याच्या नजरेत, इथलीच."

आउनेनं त्या कलमावर बोट ठेवलं. "इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं."

"आम्हाला वाटलं तुला माहीत आहे," वहिनी म्हणाली.

आपल्या मागे घर कुणाला, ते नाव त्याच दस्तात घालायचं होतं. आउनेनं वहिनीकडे बोट केलं. वहिनी खुर्चीतून उठलीच. म्हणाली, एकदा दिलं ते पुरे झालं, माझं नाव आता मला राहू दे. शेवटी आउनेच्या भावाची मुलगी काइसू, तिचं नाव लागलं.

त्या दिवसापासून वहिनीचं स्वप्न बंद झालं. दुपारी ती झोळीत पडून राही, डोळे उघडे. खोल्यांचं तिला काही नव्हतं, माझा भाऊ बसायचा ती आतली तेवढी हवी होती. विल्बर्ट रागानं वर्षभर आला नाही. मग एका रविवारी बायकोला घेऊन आला आणि काही न बोलता छपराची गळती काढून गेला. आउनेनं वहिनीला एकदा आपल्याकडे दुपारची झोपायला बोलावलं. वहिनी प्रथमच तिथे झोपली, गाढ. उठून म्हणाली, "खरंच तीनच खोल्या आहेत गं." आउनेनं तिचा हात धरला.

आउने गेली त्याला आता तीन वर्षं झाली. हॉटेलवाल्यानं पुन्हा विल्बर्टला गाठलं होतं. विल्बर्टनंच त्याला सांगितलं, ते घर बँकेकडे आहे, आणि दस्तात जिचं नाव आहे ती ठरवेल ते. काइसू आली, मृत्यूचा दाखला आणि आपला पासपोर्ट बँकेत दाखवला, नोटरीकडे सह्या झाल्या. भांडायला कुणी नव्हतं. एवढ्या सरळपणाची तिलाच खात्री पटेना, दोनदा विचारून आली.

ती राहायला आली त्या सकाळी उत्तरेचा वारा जोरात होता. आम्ही भेटायला गेलो तर पोरगी ओसरीवरची वाळू झाडत होती. झाडावी तेवढी वाळू मागून परत येत होती.

"वारा पडू दे गं पोरी, मग झाड," वहिनी म्हणाली.

काइसूला आमची भाषा अजून येत नव्हती. ती हसली आणि झाडत राहिली. वहिनीनं ओसरीवरची खुर्ची वाऱ्याच्या आड ओढली आणि बघत बसली.