रिकामं जातं

बासष्ट सालचा कार्तिक. चिंचवड गावठाणातल्या मारुतीच्या देवळात संध्याकाळी आबाजीबुवांचं कीर्तन होतं, जवानांच्या निधीसाठी. तिकडं बर्फात आपली पोरं चिन्यांशी लढत होती, आणि इकडं सभामंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिफ्ट सुटलेली कंपनीतली मंडळीसुद्धा जेवणाचे डबे मांडीवर घेऊन बसली होती.

पूर्वरंग रंगला. मध्यंतरात देवळाचे पंच बबनराव हार घालायला पुढं आले. बुक्का लावता लावता बुवांच्या कानाशी लागले, "उत्तररंगाला जात्याचंच आख्यान घ्या. फकस्त जपानी काढा आन् तिथं चिनी घाला. बाई आपली करा, लडाखची."

"अहो, ती चिनी बाई आहे, बबनराव. गावाला पाठ आहे ते."

"पाठ हाय म्हणूनच सांगतो. मंडळी तापल्यात. त्याच्या खोलीवर धोंडे पडले तर मग मला बोलू नका."

त्याच्या म्हणजे लिऊच्या. बबनरावांच्या परड्यातल्या खोलीत हा चिनी माणूस कित्येक वर्षं भाड्यानं राहत होता. सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून चाकणच्या बाजारापर्यंत फिरायचा आणि कीर्तन असलं की बुवांच्या मागं झांज धरायचा. गावानं त्याचा कधीच लिऊभाऊ करून टाकला होता. लढाई पेटली आणि चौकीचा हुकूम आला, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही. खोलीत एकट्याला बसवेना, म्हणून आजही तो झांज घेऊन आला होता. हवालदार खांबाला टेकून त्याच्यावर नजर ठेवून होता.

आख्यान लिऊच्या आईचं होतं, जपानी फौज चीनमध्ये घुसली होती तेव्हाचं. त्यानंच एकदा सांगितलं आणि बुवांनी ते चालीत बसवलं.

बुवांनी मागं पाहिलं. लिऊनं सगळं ऐकलं होतं. "बदला, बुवा," तो हळू आवाजात म्हणाला. "आई रागावणार नाही."

बुवांना सुटल्यासारखं झालं. चिपळ्या वाजल्या, पेटीनं सूर धरला.

"आणि श्रोतेहो, चिनी फौज गावात घुसली!"

मंडपात एकच गर्जना उठली. बुवांनी आख्यान पुढं ओढलं. शत्रूपाशी तोफा, गावापाशी कोयते आणि चार जुन्या बंदुका. तेव्हा गावानं काय केलं? घराघरातून भुयारं खणली. शत्रू आला की अख्खं गाव जमिनीखाली. तो गेला की दुसऱ्या तोंडानं वर यायचं, त्याची सडक उखडायची, तारा तोडायच्या, पुन्हा भुयारात. वर राहायची एकच बाई, गाढव जुंपून फिरवायच्या मोठ्या जात्यापाशी. जात्याची घरघर चालू आहे तोवर कुणी डोकं वर काढायचं नाही, असा नेम. एके दिवशी शिपायांनी गाढव नेलं. बाईनं दांड्याला छाती लावली आणि ती स्वतः फिरू लागली. दाणे संपले. दगडावर दगड फिरू लागला. पीठ पडेना, हे शिपायांनी पाहिलं.

"चिन्यांनी बंदुकीचा दस्ता घातला तिच्या पाठीत!"

इथं झांजेचा ठोका असायचा. तो चुकेल, असं बुवांना वाटलं. लिऊनं खाली मान घालून तो बरोब्बर तिथंच दिला.

 बुवांच्या तोंडात पुढचं चरण येईना. तीच ओळ त्यांनी पुन्हा म्हटली आणि ठोका पुन्हा बरोबर पडला. मंडपातून कुणी ओरडलं, "हाणा त्यांच्यायला!" आता थांबावं तर ही तापलेली मंडळी उठून कुठं जाणार, ते दिसतच होतं. पुढं जावं तर त्या माऊलीला मारल्याचं पाप तिच्याच लेकराच्या माथी मारायचं. बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

"मंडळी, नारदाच्या गादीवर उभा राहून खोटं बोललो. शिपाई जपानी होते. बाई चिनी. तिचा मुलगा हा इथं, माझ्या मागं बसलाय."

"बुवा, आपली पोरं मरत्यात आन् तुमी चिन्याला ओवाळता व्हय?" कंपनीतला एक जण उभा राहिला.

"माझा भाचा आहे तिकडं. पत्र नाही त्याचं. रोज याच मारुतीला साकडं घालतो मी."

"मग खाली उतरा. त्याला आमी बघतो."

पाच-सात जण उठून दारात उभे राहिले. मागं गाभाऱ्याची भिंत. हवालदारानं टोपी सारखी केली, पण तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात बायकांतून म्हातारी गोजाबाई कडाडली, "खाली बसा रं! आरती झाल्याबिगर कीर्तनातनं उठू नाय, येवढं आयांनी शिकिवलं न्हाई? बुवा, दाणं संपलं. पुढं?"

काहीजण ओशाळून बसले. दारातले उभेच राहिले, पण उंबऱ्याच्या आत कुणाचा पाय पडेना. आरती होईपर्यंत या पोराला कुणी हात लावणार नाही, एवढं बुवांना कळलं.

त्यांनी आख्यान असं लांबवलं की काही विचारू नका. मार खात बाई फिरली. ऊन कलेपर्यंत फिरली. खाली अंधारात माणसं श्वास धरून त्या घरघरीला कान लावून होती. शेवटी फौज कंटाळून निघून गेली. मग जातं थांबलं. गाव वर आलं तेव्हा दांड्याला मिठी मारून ती बसली होती, आणि अंगात प्राण होता. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

बबनराव निरांजन लावलेलं ताट घेऊन पुढं आले. "घ्या, बुवा. झालं आता."

बुवांनी ताटाकडं पाहिलंच नाही. घसा बसला होता, तरी नामाचा गजर सुरू केला.

"गा, बुवा, गा," दारातून आवाज आला. "किती गाताय तेच बघतो."

गोजाबाई गुडघ्यांवर हात टेकत उठली. बबनरावांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि लिऊच्या पुढ्यात फतकल मारून बसली. तिच्यामागोमाग बायका सरकत सरकत पुढं आल्या. ज्योतीला पदराचा आडोसा करत ती म्हणाली, "सावकाश होऊ द्या. घरी कुणाची चूल पेटायची राहिली न्हाई."

बुवांनी घोटभर पाणी घेतलं. "लिऊ, झांज धर," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं आख्यान लावलं.